बारा स्पीकर आणि तेरावा हट्ट
गाळप हंगामात श्रीगोंद्याच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर दिसण्याआधी त्याचा डेक ऐकू येतो. त्या आवाजावर कान घडलेल्या बागायतदाराने २०२२मध्ये आलेली स्कॉर्पिओ-एन घेतली, तर वरच्या मॉडेलमधले सोनीचे १२ स्पीकर त्याला मिळमिळीत वाटणारच. मग तो थेट मोठा वूफर बसवायला निघतो, आणि पैसे तिथेच वाया जातात. कंपनीच्या महागड्या सिस्टिममध्ये अ‍ॅम्प्लिफायरमधून निघणारा सिग्नल बहुधा त्याच स्पीकरांच्या मापाने आधीच छाटलेला असतो. स्पीकर फाटू नयेत म्हणून आवाज वाढवला की बास बरेचदा आपोआप उतरतो. असा सिग्नल महागड्या वूफरला दिला, तरी उणीव तीच राहते, फक्त जास्त खर्चाची. म्हणून आधी दारांच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट, मग सिग्नल सरळ करणारा डीएसपी, त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायर आणि शेवटी वूफर, असा क्रम धरावा. वायर कापण्याऐवजी तयार कपलर वापरला, तर वॉरंटीचं भांडणही सहसा ओढवत नाही. आवाज मात्र मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल इतकाच ठेवा. ट्रॅक्टरशीच स्पर्धा करायची असेल, तर सरळ ट्रॅक्टरच घ्या. निदान ऊस तरी वाहील.