श्रद्धेवरून निष्ठा मोजू नका



गेल्या पंधरवड्यात रिद्धपूरकडील एक गृहस्थ शेताच्या वाटणीचे कागद घेऊन आमच्याकडे आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतली आहे. कागद पाहून झाल्यावर बोलणे परदेशातील एका लढाईवर गेले. त्या लढाईविषयी आपल्या सरकारचे मत एक आणि पाश्चात्त्य राष्ट्रांचे मत दुसरे, एवढे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. ओघात त्यांच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती शिक्षकाचा विषय निघाला, आणि ते सहज बोलून गेले, "वकीलसाहेब, त्यांचा धर्म तिकडचा. लढाई लागली की त्यांचे मनही तिकडेच जाणार."

त्या शिक्षकाने लढाईविषयी काय मत दिले, असे आम्ही विचारले. ते त्यांना ठाऊक नव्हते. विचारले होते काय? तेही नव्हते. त्यांच्या मनात द्वेष नव्हता. बाजारात ऐकलेले वाक्य त्यांनी आमच्यापुढे ठेवले, इतकेच. परंतु साक्षीपुराव्यावाचून एका माणसावर देशद्रोहाचा आरोप झाला होता, आणि तो करणारा आपल्यातलाच एक होता. म्हणून त्यांना दिलेले उत्तर येथे सर्वांसाठी विस्ताराने देत आहोत.

प्रथम रिद्धपूरचेच पाहा. हे महानुभाव पंथाचे मोठे तीर्थ. श्रीगोविंदप्रभूंचे हे गाव. लीळाचरित्राची परंपराही याच गावाशी जोडलेली आहे. या पंथाचे अनुयायी वऱ्हाडातच राहिले नाहीत. पंजाब, पेशावर आणि काबूलपर्यंत ते पसरले. पेशावरच्या बाजारात बसणाऱ्या त्या माणसाचे तीर्थ शेकडो कोसांवर वऱ्हाडात होते. म्हणून तो आपल्या गावाचा, आपल्या राज्याचा शत्रू ठरत होता काय? रिद्धपूरच्या कोणाही माणसाला हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. मग तोच प्रश्न ख्रिस्ती शेजाऱ्याविषयी निघाला की तो शहाणपणाचा कसा वाटू लागतो?

ही शंका आजची नव्हे, आणि केवळ अडाण्यांचीही नव्हे. १९५४ साली, वऱ्हाड तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यात असताना, त्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष होते. १९५६ साली समितीचा अहवाल आला. केवळ धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा, अशी शिफारस त्यात होती. धर्मांतराने माणसाची निष्ठा देशाबाहेर जाते, ही भीतीही त्यात होती. परदेशी पैशाच्या जोरावर कोणी गरिबाच्या अडचणीचा लाभ घेत असेल तर त्याची चौकशी झाली पाहिजे, यात वाद नाही. परंतु संस्थेच्या कारभाराची चौकशी ही एक गोष्ट आणि श्रद्धा बदलणाऱ्या प्रत्येक माणसाच्या देशप्रेमावर संशय ही दुसरी. आणि काळाची गंमत अशी की, त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात बौद्ध धम्माचा स्वीकार करणाऱ्या मान्यवरांत स्वतः डॉ. नियोगी होते. त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. म्हणूनच म्हणतो की, त्यांच्या अहवालातील ते माप त्यांनाच लावले असते तर तो अन्याय झाला असता.

आता कोणी सुज्ञ वाचक म्हणेल, "परमपूज्य बाबासाहेबांनीच १९३६ साली असे म्हटले नव्हते काय की, अस्पृश्य समाज इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्मात गेला तर तो राष्ट्रीय प्रवाहाबाहेर जाईल?" होय, म्हटले होते, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु ते कोणत्या संदर्भात म्हटले होते ते पाहा. देशावर इंग्रजांचे राज्य होते. कोट्यवधी लोक एकदम ख्रिस्ती झाले तर इंग्रजांची पकड अधिक घट्ट होईल, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. पारतंत्र्यातल्या संख्याबळाचा तो हिशेब होता. अमुक एक ख्रिस्ती मनुष्य देशाशी बेइमान आहे, असा निवाडा त्यात नव्हता. हिशेबाचे निवाड्यात रूपांतर करणे ही वकिली लबाडी होय, आणि ती बाबासाहेबांच्या नावावर तर मुळीच खपवू नये.

या प्रश्नाची खरी कसोटी आपल्या शेजारी गोव्यात लागली. १५१० पासून गोव्यावर पोर्तुगालची सत्ता होती. राज्यकर्ते कॅथलिक, आणि साडेचारशे वर्षांत गोव्याचा मोठा समाज कॅथलिक झालेला. इंग्रज गेले, परंतु लिस्बनचा हुकूमशहा सालाझार गोवा सोडीना. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक प्रांत आहे आणि आपण पूर्वेकडे ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षण करीत आहोत, असा त्याचा दावा होता. वाद राजकीय होता. त्यावर धर्माचे पांघरूण घातले गेले. धर्मावरून निष्ठा ठरत असती तर गोव्यातील प्रत्येक ख्रिस्ती मनुष्य सालाझारच्या बाजूने उभा राहिला असता. प्रत्यक्षात काय घडले?

त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हे गोव्याचे ख्रिस्ती गृहस्थ. १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १९४४ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली. पोर्तुगीज राजवटीने गोमंतकीयांचे राष्ट्रीयत्व कसे हरपले, हा तिचा विषय. आपलाच समाज आपली भाषा, आपले नाव, आपला स्वाभिमान विसरून परक्या सत्तेच्या आरशात स्वतःला कसा पाहू लागला, हे त्यांनी आपल्याच लोकांना खडसावून सांगितले. १९३६ साली जी भीती बाबासाहेबांनी बोलून दाखविली होती तिचे उत्तर एका ख्रिस्ती माणसाने आपल्या आयुष्याने दिले: हरपलेले राष्ट्रीयत्व धर्म न सोडताही परत मिळविता येते. याचे मोल त्यांना द्यावे लागले. १९४६ साली लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशेच्या किल्ल्यात पाठविले. पुढे पोर्तुगालमधून निसटून १९५३ साली ते मुंबईस आले, आणि गोवा मुक्त झालेला न पाहताच १९५८ साली वारले.

ते एकटे नव्हते. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली. त्यांना गोव्यात नेणारे आणि त्यांच्या बरोबर उभे राहिलेले डॉ. ज्युलियांव मिनेझिस ख्रिस्तीच होते. नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेची धुरा वाहणारे पीटर आल्वारिस ख्रिस्ती. तेलो द मास्कारेन्हास यांना तर पोर्तुगालच्या तुरुंगात गोवामुक्तीनंतरही अनेक वर्षे राहावे लागले. त्यांची सुटका १९७० साली झाली. लिबिया लोबो ही ख्रिस्ती तरुणी वामन सरदेसाई यांच्यासह १९५५ पासून सीमेवरच्या रानातून गुप्त आकाशवाणी केंद्र चालवीत होती, आणि मुक्तीच्या दिवशी विमानातून ती वार्ता गोव्याला तिनेच दिली.

तथापि आपण एकच बाजू सांगणार नाही. पोर्तुगालवर मनापासून प्रेम करणारे ख्रिस्तीही गोव्यात होते. लिस्बनमध्ये शिकलेली, तेथील नोकऱ्यांत मानाने बसलेली घराणी होती. मुक्तीनंतर त्यांतील काही पोर्तुगालला निघून गेली. भारतात आपले काय होईल, या शंकेने धास्तावलेली साधी माणसेही होती. पण त्यांच्या या वृत्तीचे मूळ कशात होते? नोकरीत, जमिनीत, शिक्षणात आणि भीतीत. जो सत्तेच्या सावलीत वाढला त्याला ती सावली सोडवत नाही. इंग्रजांनी दिलेल्या पदव्या मिरविणारे रावबहादूर तर बहुतेक हिंदूच होते! त्यांची इंग्रजनिष्ठा कोणी गीतेतून आलेली मानली नाही. मग गोव्यातील एखाद्याची पोर्तुगालनिष्ठा बायबलातून आली, असे कसे मानावे?

खुद्द ख्रिस्ती धर्मपीठानेही सालाझारचा दावा उचलून धरला नाही. जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू रोम येथे पोप बारावे पायस यांना भेटले. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपना मान्य असल्याचे नेहरूंनी त्यानंतर देशाला सांगितले. त्याआधीची एक गोष्ट अधिक बोलकी आहे. मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि इंग्रज असावा, असा १९२८ चा करार होता. १९३७ पासून त्या पदावर असलेले इंग्रज धर्मगुरू टॉमस रॉबर्ट्स यांनी आपली जागा भारतीय माणसाने घ्यावी म्हणून ती सोडली. १९५० साली पोर्तुगालचा तो हक्क संपला आणि व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ साली ते पहिले भारतीय कार्डिनल झाले. सत्ता असलेल्या देशाचा मनुष्य स्वतःहून खुर्चीवरून उठतो, असे दृश्य आपल्या देशातील धर्मपीठांत आपण किती वेळा पाहिले आहे?

शेवटी शस्त्र उचलावे लागले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मारली. त्यानंतर सहा वर्षे वाट पाहून डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले. शांततेचा उपदेश करणाऱ्या भारताने लढाई केली, म्हणून पाश्चात्त्य राष्ट्रांनी मोठा गहजब केला. १८ डिसेंबरला सुरक्षा समितीत भारताने सैन्य मागे घ्यावे, असा ठराव आला. बाजूने सात मते, विरुद्ध चार. त्या चारांत नकाराधिकार वापरणारा सोव्हिएट रशिया होता, बौद्धबहुल सिलोन होता, मुस्लिमबहुल संयुक्त अरब प्रजासत्ताक होते, आणि ज्याचे राज्यकर्ते ख्रिस्ती होते तो लायबेरियाही होता. ठरावाच्या बाजूने अमेरिका आणि इंग्लंड यांच्याबरोबर मुस्लिमबहुल तुर्कस्तान होते. वाचकहो, ही मते धर्मपुस्तक उघडून दिलेली दिसतात काय? साम्राज्याचा चटका ज्यांना ठाऊक होता ते एकीकडे गेले, आणि पोर्तुगालशी लष्करी करार असलेले दुसरीकडे.

आणखी एक साक्ष पोर्तुगीजांचीच घ्या. शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नको, असा सालाझारचा हुकूम होता. गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी तो मानला नाही. व्यर्थ रक्तपात आणि गोव्याचा विध्वंस टाळून १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली. मायदेशी त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. एकाच देशाचे, एकाच धर्माचे दोन पुरुष. एकाने हुकूम दिला, दुसऱ्याने विवेक ऐकला.

बाबासाहेबांनी गोव्याकडे कसे पाहिले? २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत ते परराष्ट्र धोरणावर बोलले. गोवा भारताचा आहे, हे निःसंदिग्ध सांगून तो विकत घ्यावा किंवा भाडेपट्ट्याने घ्यावा, असे मार्ग त्यांनी मांडले. वऱ्हाडच्या माणसाला भाडेपट्टा नवा नाही. १९०२ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला होता. लक्षात घ्या, बाबासाहेबांच्या दृष्टीने हा प्रदेशाचा आणि कायद्याचा प्रश्न होता. ख्रिस्ती विरुद्ध हिंदू असा तो नव्हताच.

आता आपल्याकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांना ज्यांनी त्रिशरण आणि पंचशील दिले, ते महास्थविर चंद्रमणी जन्माने ब्रह्मदेशाच्या आराकान प्रांतातले. महिनाभरातच बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी नेपाळात काठमांडूला गेले. त्यापूर्वी सिलोन आणि ब्रह्मदेश येथेही गेले होते. उद्या एखाद्या बौद्ध राष्ट्राशी आपल्या देशाचा तंटा झाला आणि बाजारात कोणी म्हणाले की, "यांचे भन्ते तिकडचे, यांचे मन तिकडेच," तर त्या रिद्धपूरच्या गृहस्थांना काय वाटेल? "आमचा बुद्ध याच भूमीतला," असे ते सांगतील. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. ज्याचा धर्म बाहेरून आला त्याला हे उत्तर उपलब्ध नाही, आणि नागरिकाचा हक्क त्याच्या धर्माच्या जन्मस्थळावर अवलंबून ठेवणे आपल्या राज्यघटनेला मान्य नाही. पंचविसाव्या कलमाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य 'सर्व व्यक्तींना' दिले आहे. इथल्या धर्माच्या व्यक्तींना, असे त्यात लिहिलेले नाही. आणि दंडविधान कृत्याला शिक्षा देते. प्रार्थनेची दिशा पाहून शिक्षा देत नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. लढाईच्या दिवसांत कोणी शेजाऱ्याच्या निष्ठेवर बोट ठेवले तर प्रथम विचारा, त्याने काय केले? काय बोलला? उत्तर नसेल तर तो आरोप तुमच्या तोंडून पुढे जाऊ देऊ नका. सरकारच्या युद्धनीतीविषयी त्याचे मत वेगळे असेल तर ते ऐका. मतभेद म्हणजे द्रोह नव्हे. आणि कोणी खरोखर परसत्तेची चाकरी करीत असेल तर त्याचा धर्म कोणताही असो, कायद्याला त्याचे काम करू द्या.

ते गृहस्थ निघताना थोडे गप्प होते. उंबरठ्यावर थांबून म्हणाले, "वकीलसाहेब, त्या मास्तरांना मी एकदा विचारूनच पाहतो, त्यांचे मत काय ते." आम्ही म्हणालो, "अवश्य विचारा. पण संशय म्हणून नव्हे, शेजारी म्हणून विचारा." पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला न विचारताच आपल्याविषयी निवाडे झाले. तो अन्याय आपण ओळखतो. म्हणून तो दुसऱ्यावर न करण्याची जबाबदारी सर्वांत आधी आपली आहे.