परवाना महाडला का राहत नाही?

खरं सांगायचं तर मी कॉन्व्हेंटमधली. मराठी गोष्टीची पुस्तकं माझ्या वाट्याला फार उशिरा आली. शाळेच्या लायब्ररीत सगळी इंग्लिशच. सातवीत डेबोरा एलिस या कॅनेडियन लेखिकेचं ‘द ब्रेडविनर’ (२०००) हाताला लागलं. तालिबानच्या राजवटीतलं काबूल, आणि त्यात अकरा वर्षांची परवाना. वडिलांना पकडून नेल्यावर ही केस कापते, मुलाचे कपडे घालते, बाजारात बसून लोकांना पत्रं वाचून दाखवते आणि घर चालवते. घरात पाणी भरायचं कामही तिच्याचकडे. बादल्या उचलून तिचे हात भरून यायचे आणि इकडे माझे डोळे! मग लोइस लौरीचं ‘नंबर द स्टार्स’ (१९८९) वाचलं. १९४३ सालचं कोपनहेगन, नाझी सैनिक, आणि ज्यू मैत्रिणीला लपवणाऱ्या घरातली दहा वर्षांची मुलगी.

आता गंमत बघा. ही दोन्ही पुस्तकं मी पोलादपूर-महाड एसटीत बसून वाचली. स्टँडवर उतरून शाळेत जाताना रोज चवदार तळं लागायचं. वीस मार्चला तिथे एवढी माणसं का येतात, हे मला तेव्हा एका धड्यातल्या चार ओळींपुरतंच माहीत होतं. काबूलच्या नळावरची रांग माहीत, आणि शेजारच्या तळ्याची गोष्ट नाही!

आपल्याकडे ऐतिहासिक बालवाङ्मय कमी आहे असं नाही. रायगड आमच्या उशाला, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यातच. गड, मावळे, गनीम यांच्या गोष्टींवर तर आम्ही वाढलो. पण त्यात जुलमी राजा नेहमी बाहेरचा असतो. तालिबान किंवा नाझींसारखाच. गणवेशावरून ओळखता येतो, शेवटी हरतो किंवा निघून जातो. (तालिबान २०२१ मध्ये परत आले आणि सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या, ते वेगळं.)

महाडचं तसं नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले... चुकले, सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर सरकार बाजूने होतं! तरी अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्यांवर हल्ले झाले, आणि तळं ‘शुद्ध’ करायला १०८ घागरी ओतल्या गेल्या. शेण, गोमूत्र, दूध, दही. गुरं प्यायली तेव्हा तळं बाटलं नव्हतं. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

इथे राज्य कुणाचं होतं? शेजाऱ्यांचं. मला वाटतं, यावर बालकादंबरी हवी तितकी लिहिली जात नाही त्याचं कारण हेच. खलनायकाचा चेहरा आपल्या पणजोबांसारखा निघाला तर पोरांना काय सांगायचं?

माझ्यापुरतं हे नुसतं ‘तर’ नाही. माझी पणजी महाडची, तेव्हा आठ-नऊ वर्षांची. आजी सांगते, तिच्या आईला त्या दिवसाचं एवढंच आठवायचं की मुलांना माडीवर कोंडून ठेवलं होतं आणि खाली मोठी माणसं जोरजोरात बोलत होती. का, ते कुणी सांगितलं नाही. पुढे तिने विचारलंही नाही.

तुम्ही म्हणाल, आत्मकथनं आहेत की! आहेत. बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’, उर्मिला पवारांचं ‘आयदान’. मी ती हॉस्टेलवर वाचली आणि सबमिशन राहिलं. पण ती सातवीतल्या मुलीसाठी लिहिलेली नाहीत. आणि मुलींना हे झेपणार नाही म्हणाल, तर १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पेशवाईतले जुलूम, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायका, सगळं तिने लिहिलं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आम्ही चौदाव्या वर्षी ‘माय बेस्ट फ्रेंड’ लिहीत होतो.

कादंबरीचं कथानक तर तयारच आहे. डिसेंबर १९२७, महाडची दुसरी परिषद. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. त्याच मुक्कामात बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले : मुलींनाही शिकवा, लुगडं इतर बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा. आणि बायकांनी नेसण्याची पद्धत बदलली. आईचं लुगडं आज खाली का आलं, आणि रस्त्यावरची माणसं तिच्या पायांकडे का बघतायत, असा प्रश्न पडलेली दहा वर्षांची मुलगी मला दिसते. माडीच्या खिडकीतून तिच्याकडे बघणारी दुसरीही दिसते.

पहिलीची गोष्ट मी लिहू नये, तिच्या घरातलं कुणी लिहावी. दुसरीची प्रयत्न करून बघेन म्हणते. सेम संपल्यावर! माझी मावसबहीण यंदा सातवीत आहे. परवा फोनवर रडत होती, परवानाच्या वडिलांना पकडून नेलं म्हणून.