मधमाशीला सातबारा नाही



उसाला मधमाशी लागत नाही, हे शेतातले पोरही सांगेल. ऊस आपण कांडीने लावतो. मग कारखान्याच्या पत्रिकेत माशीचा विषय कशाला? त्याचे उत्तर घाट उतरून खाली पाहिले की मिळते.

पेण-रोहा रेल्वेमार्गावरचे कासू घ्या. तो भातखाचरांचा मुलूख. भातही उसासारखेच गवताच्या कुळातले. त्याचेही माशीवाचून अडत नाही. पण भात निघाले की त्या भागात जमिनीच्या ओलीवर वाल होतो, थंडीत शेंगांची पोपटी लागते, मांडवावर काकडी-कारली चढतात, आंबा मोहरतो. काकडी-कारल्याची नर फुले वेगळी, मादी फुले वेगळी. पराग कोणी नेऊन पोचवला नाही तर मादी फूल गळते. मग मांडव कितीही हिरवागार दिसो, हाती दमडी येत नाही.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? उसाचे बिल येईपर्यंत घर चालते ते कलिंगड, कारली, सूर्यफूल, तूर यांवर. कांद्याचे बी धरणाऱ्याला विचारा. माशी फिरकली नाही तर गोंड्यात बी भरत नाही.

माशी म्हणजे फक्त पेटीतली इटालियन नव्हे. झाडाच्या ढोलीतली सातेरी, उंच झाडावरचे किंवा पाण्याच्या टाकीखालचे आग्या मोहोळ, झुडपातली फुलोरी, भिंतीच्या फटीतली बिननांगीची पोयाची माशी, या आपल्या मातीतल्या. वाळक्या लाकडाला भोक पाडणारा काळा भुंगा तुरीच्या फुलावर राबतो. तो मध देत नाही, म्हणून आपण त्याला मोजत नाही एवढेच.

यांना मारतो कोण? फुलोऱ्यात भर सकाळी केलेली फवारणी, पाचटाची बांधापर्यंत गेलेली आग, तणनाशकाने बोडका केलेला बांध आणि मधासाठी जाळलेले मोहोळ. युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशके उघड्या शेतात वापरण्यास बंदी केली, ती मधमाश्यांसाठीच.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. माशी चाऱ्यासाठी लांबवर फिरते. तिला सातबारा नाही. तुम्ही सांज धरून फवारले नि शेजाऱ्याने सकाळी, तर तुमच्या बांधावरची माशी त्याच्या रानात मरते. म्हणूनच हा विषय सहकाराचा आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, तेही अख्खे गाव एका कामाला लागले म्हणून.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गटातील सभासदांनी एकत्र बसून ठरवावे : फुलोऱ्यात फवारणी टाळायची, टळत नसेल तर दिवस मावळल्यावरच करायची. पाचट न जाळता सरीत कुजवायचे. बांधावर करंज, जांभूळ, शेवगा राखायचा, ढोलीचे झाड तोडायचे नाही. मोहोळ कोणी जाळत असेल तर त्याला अडवायचे. शेतकी खात्याने उसाच्या रोपांबरोबर ही झाडेही रोपवाटिकेतून द्यावीत.

यात पैसा फारसा लागत नाही, एकी लागते. ती पाण्यासाठी आपण दाखवली, उसासाठी दाखवली. येत्या वार्षिक सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा, असे आम्हांस वाटते.

जय सहकार!