विक्रीआधीची घरपाहणी आणि सीमाभागातील माळवदे

बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण किंवा कलबुर्गीतील आळंद तालुक्यातले मराठी कुटुंब पुण्या-हैदराबादेत स्थिरावले की गावचे घर विक्रीस निघते. भाव ठरतो, इसार घेतला जातो आणि त्यानंतर खरेदीदाराच्या बँकेचा मूल्यांकनकार घर पाहायला येतो. विक्रेत्याचे नुकसान या क्रमातच दडलेले आहे.

दगड-मातीच्या भिंती आणि लाकडी तुळयांवरचे माळवद पाहिल्यावर मूल्यांकनकार बहुधा जागेचीच किंमत धरतो. समजा, 20 लाखांना ठरलेल्या घराचे मूल्य त्याने 12 लाख लावले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतचे गृहकर्ज मूल्याच्या 90 टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणजे कर्ज फार तर 10 लाख 80 हजार. मग भाव पाडला जातो किंवा इसार परत मागितला जातो. तोवर विक्रेत्याने तो शहरातील सदनिकेसाठी भरलेला असतो!

मूल्यांकनकाराला दोष देणे सोपे आहे. पण 30 सप्टेंबर 1993 रोजी जवळच्याच किल्लारीत अशाच जड भिंतींखाली माणसे गाडली गेली. 2021 च्या ऑक्टोबरात चिंचोळी तालुक्यातील गडिकेश्वर परिसरही धक्क्यांनी हादरला होता.

दुसरी पाहणी पंचायतीची. ग्रामपंचायत हद्दीतील घराच्या नोंदणीसाठी ‘ई-स्वत्तू’ प्रणालीतील उतारा लागतो. त्यासाठी मोजणी झाली की चतुःसीमा जुन्या कागदाशी जुळत नाहीत. तो कागद कधी निजामी अमदानीतला, उर्दूत. घर आजोबांच्या नावे आणि वारस चार गावी. नमुना एक-चौदावर सामायिक नावे असलेल्या गोव्यातील घरमालकांना हे दुखणे अपरिचित नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, खरेदीदाराला साधारण दक्षतेने न दिसणारा, पण स्वतःला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. गिलावा करून भेग झाकणे म्हणूनच अंगलट येऊ शकते. ‘रेरा’तील पाच वर्षांची दोषदायित्वाची तरतूद विकासकापुरती आहे, जुन्या घराच्या व्यवहाराला ती लागू नाही.

इसारापूर्वीच अभियंत्याचा लेखी अहवाल आणि मोजणी करून घेतली, तर सौदा घराचा की नुसत्या जागेचा, हे बोलणीतच स्पष्ट होते. बँकेचा अहवाल बँकेकडेच राहतो. ज्याच्या घराचा भाव त्याने उतरला, त्या विक्रेत्याला तो सहसा पाहायलाही मिळत नाही.