रात्रपाळी कुणाची?

घरात पक्षाघाताचा झटका आलेले वडील असोत, स्मृतिभ्रंश झालेली सासू असो की कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला नवरा, भेटायला आलेली माणसं निघताना दारात एक वाक्य हमखास बोलतात, "तूही स्वतःला जप हं." वाक्य आपुलकीचंच असतं. पुढे मोबाइलवर त्याची लांबलचक आवृत्ती येते : रोज चाला, प्राणायाम करा, छंद जोपासा, मन मोकळं करा. यातला एकही सल्ला खोटा नाही. अडचण एवढीच, की चालायला जायचं तर त्या अर्ध्या तासात आजारी माणसापाशी कोण बसणार, हे सल्ला देणारा सांगत नाही. स्वतः बसतो म्हणणारा तर क्वचितच भेटतो.

यावर चिडून दुसरं टोक गाठणारेही आहेत. त्यांच्या मते आजाऱ्याचं करणाऱ्याच्या ताणाला समाज, पुरुषसत्ता आणि सरकार जबाबदार आहे आणि थकलेल्या बाईला दीर्घ श्वास घ्यायला सांगणं ही तिची थट्टा आहे. रागात तथ्य आहे, पण सरकार सुधारेपर्यंत आज रात्रीचं काय, हा प्रश्न तिथंही अनुत्तरित राहतो.

आजाऱ्याचं करण्यानं माणूस खरंच झिजतो का, हे आधी पाहायला हवं. १९९९ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी वृद्ध जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराचं करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. या विषयावरच्या लेखांत आणि भाषणांत हा आकडा हमखास भेटतो. त्यामानानं २०१३ मधला डेव्हिड रॉथ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास कमी सांगितला जातो. त्यांनी घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्या साडेतीन हजार लोकांची तुलना तशाच वयाच्या, तशाच तब्येतीच्या इतरांशी केली, तेव्हा सहा वर्षांत करणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी निघालं. मुळात धडधाकट असलेला माणूसच करायला पुढे होतो, ही शंका अशा जुळणीनंतरही पूर्ण जात नाही. तरी 'सेवा म्हणजे झीज' हे सरळ समीकरण मोडायला हा अभ्यास पुरेसा आहे. शुल्झ यांच्याच निष्कर्षांत एक ओळ सहसा वगळली जाते : जे करत होते पण ताण जाणवत नाही असं सांगत होते, त्यांचा धोका वाढलेला नव्हता.

म्हणजे घातक आहे ती एका विशिष्ट परिस्थितीतली सेवा. ज्यांनी आईची शेवटची वर्षं सांभाळली, त्यांपैकी अनेकजण सांगतात की आई त्यांना खरी तेव्हाच कळली. त्यांना बिचारे ठरवण्याचं कारण नाही. त्यांना बदली मिळत होती का, झोप मिळत होती का, काय करायचं ते कुणी शिकवलं होतं का, पैसा किती दिवस पुरणार होता, यावर बरंच काही ठरतं. या चारांत आमच्या मते झोप पहिली, आणि नेमकी तिचीच चर्चा सगळ्यांत कमी होते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला घरी सोडताना सांगतात, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर बेडसोर होतील. सूचना योग्यच आहे. पण रात्री दहाला कूस बदलून पाठ टेकली, तर बारा, दोन आणि चार वाजता पुन्हा उठायचं. मध्ये डायपर बदलायचा, क्वचित चादर. सहाला घर उठतं आणि डबे करायचे असतात. डिमेन्शिया असेल तर दिवस मावळल्यावरच अस्वस्थता वाढते. राहत्या घरातच 'मला घरी जायचंय' म्हणत कडी काढणाऱ्या माणसासोबत रात्र डोळ्यांत तेल घालून काढावी लागते. असे महिने गेले की रक्तदाब चढतो, साखर हलते, चिडचिड होते. त्या चिडचिडीत आजाऱ्यावर ओरडलं जातं आणि मागाहून अपराधी वाटतं. नातेवाईक तेवढा आवाज ऐकतात आणि स्वभावाला दोष देतात. सलग झोप न मिळालेल्या कुणाचाही स्वभाव असाच होतो, आणि त्यावर ध्यानधारणा हा उपाय नाही. आठवड्यातून निदान दोन रात्री त्या व्यक्तीनं दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणी उठायचं, हा आहे. एअर बेडची मदत होते, पण कूस बदलणं त्यानं टळत नाही. किती वेळानं बदललं तर चालेल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. उचलण्यासरकवण्याचंही तेच. कमरेतून वाकून एकटीनं ओढण्यापेक्षा आजाऱ्याच्या खाली दुहेरी घडीची चादर ठेवून दोघांनी सरकवलं, तर पाठ वाचते. आईच्या गोळ्यांचा डबा न चुकता भरणारी मुलगी स्वतःची थायरॉइडची गोळी संपून आठवडा झाला तरी आणत नाही, हे तर घरोघरी दिसतं.

'मुलगी' हा शब्द इथे सहज आलेला नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्याच्या कामात होत्या आणि त्यावर दिवसाला सरासरी १४० मिनिटं देत होत्या, पुरुष २१.४ टक्के आणि त्यांची मिनिटं ७४. यात मुलांचं करणंही धरलेलं आहे, तेव्हा आजाऱ्यांपुरता हिशेब यातून मांडता येणार नाही. तरीही रात्री कोण उठत असेल, याचा अंदाज यायला हरकत नसावी.

मग पैसे देऊन माणूस ठेवावा? शहरांत ब्युरोकडून बारा तासांची किंवा चोवीस तासांची मावशी मिळते. चोवीस तासांच्या बाईचा खर्च मध्यमवर्गीय घरातल्या एका पगाराचा मोठा लचका तोडतो, आणि ब्युरोचं कमिशन वजा झाल्यावर त्या बाईच्या हाती किती पडतं ते आपण विचारत नाही. तिच्याही घरी एखादं म्हातारं माणूस असतं. त्याचं कोण करतं, हेही नाही. शिवाय आजाऱ्याचा नकार असतोच. परक्या बाईच्या हातून आंघोळ घालून घ्यायला सासूबाई तयार होत नाहीत, तेव्हा त्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं होईल. लाज ही शेवटपर्यंत उरणारी गोष्ट आहे. इथे आमचा कौल मधल्या वाटेला आहे : आंघोळ, भरवणं, केस विंचरणं घरच्यांनी ठेवावं, रात्रीची जाग, कपडे, औषधांच्या फेऱ्या, स्वयंपाक बाहेर द्यावा. बहुतेक घरांत होतं उलटं. सर्वांत नाजूक काम मावशीकडे जातं आणि सून स्वयंपाकघरात अडकून राहते.

संस्थेत ठेवण्याच्या निर्णयाबद्दल आपल्याकडे अजून सरळ बोलता येत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेले संस्कृत पंडित साकारले आहेत. ते हत्तीच्या मागे जात हरवतात, आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं जवळ करते. अमृता सुभाष यांची ती भूमिका इतकी प्रेमळ आहे की ती पाहताना शिकल्यासवरल्या मुलीची घालमेल प्रेक्षकाला अपुरी वाटू लागते. चित्रपट मुलीवर अन्याय करत नाही, प्रेक्षक करतो. माहुताच्या बायकोकडे ते पाहुण्यासारखे थोड्या काळासाठी आलेले असतात, आणि मुलीच्या वाट्याला मागची सगळी वर्षं आलेली असतात आणि पुढचीही. अनोळखी म्हाताऱ्याला एक दिवस माया लावणं आणि आपल्याला ओळखत नसलेल्या वडिलांना पाच वर्षं सांभाळणं एका तराजूत घालता येत नाही. संस्थेत ठेवलं म्हणून नातं संपत नाही. मात्र चांगल्या संस्था मोजक्याच आहेत आणि त्या महाग आहेत, हेही तितकंच खरं. त्यामुळे हा पर्याय आज बहुतेकांसाठी कागदावरचाच आहे.

भावाबहिणींबद्दलही बोलायला हवं. पुण्यात राहणारी वहिनी करते, न्यू जर्सीतला दीर पैसे पाठवतो आणि वर्षातून एकदा येऊन 'आई किती खराब झाली' म्हणतो, हे चित्र आता मराठी घरांना नवं नाही. दूर असलेला प्रत्येकजण बेफिकीर नसतो. त्याची टोचणीही खरी असते. पण पाठवलेल्या पैशात उसंत येत नाही. विम्याचे दावे, ब्युरोशी बोलणी, डॉक्टरांची वेळ, औषधांची ऑनलाइन मागणी ही कामं सातासमुद्रापलीकडूनही होतात. आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा त्याच्याकडे दुपार असते. नव्या मावशीच्या पहिल्या काही रात्री व्हिडिओवर लक्ष ठेवणं त्यालाच सोपं. कोण काय करणार हे तोंडी न ठेवता लिहून काढावं. लिहिलेलं बोचतं, पण तोंडी ठरलेलं शेवटी एकाच्याच अंगावर पडतं.

ज्ञानाच्या बाजूनं सर्वांत आश्वासक उदाहरण शेजारच्या गोव्यातलं आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत डिमेन्शियाग्रस्तांच्या ८१ कुटुंबांसोबत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. डॉक्टर नव्हेत, तर स्थानिक भाषा बोलणारी, बारावीपर्यंत शिकलेली साधी माणसं प्रशिक्षण घेऊन सहा महिने घरी जात राहिली. हा आजार आहे, नाटक नव्हे, हे समजावणं. आजाऱ्याच्या विचित्र वागण्याला कसं सामोरं जायचं ते दाखवणं. सरकारी योजनेचा अर्ज कसा करायचा ते सांगणं. गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देणं, एवढंच त्यांचं काम. आजाऱ्याच्या क्षमतेत ठळक सुधारणा झाली असं म्हणता आलं नाही. करणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य मात्र सुधारलं आणि आजाऱ्याच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास घटला. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठी घोषणा करू नये. पण जो आजार बरा होत नाही, त्याच्या घरातही एका माणसाची तब्येत सुधारता येते, हे त्यानं दाखवलं.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट किंवा पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभा हेच काम वेगळ्या रीतीनं करत आल्या आहेत. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पहिल्या संस्थेचा पाया घातला. अशा गटांत शुभंकर, म्हणजे करणारे, एकमेकांना उपदेश करत नाहीत. गोळी घ्यायला नकार दिला तेव्हा काय केलं, ते सांगतात. तेव्हा मन मोकळं करण्याचा सल्ला अगदीच पोकळ नाही. ते कुणापुढे मोकळं करायचं, हा भाग तेवढा त्यातून गळालेला असतो. कुठेच जाणं शक्य नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक घरबसल्या लागतो आणि तो करणाऱ्यांसाठीही आहे.

राज्याची जबाबदारी इथून सुरू होते. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा मुलांना पालनपोषणाचा आदेश देतो, ज्येष्ठांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतो. सांभाळणाऱ्याला एक दिवस सुटी कशी मिळेल, याबद्दल तो गप्प आहे. केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे; आईवडिलांसाठी तशी स्वतंत्र रजा नाही. केरळनं 'आश्वासकिरणम' योजनेत अंथरुणावरच्या रुग्णाचं पूर्णवेळ करणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवले. या रकमेत आठवड्याचे डायपरही धड येणार नाहीत, ही टीका रास्त आहे. पण करणाऱ्याचं नाव सरकारी यादीत आलं, की त्याच्या दारी कुणाला तरी पाठवता येतं, म्हणून आम्ही ती टाकाऊ मानत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मोठ्या आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे.

महाराष्ट्रानं गोव्याच्या धर्तीवर घरी जाणारी माणसं नेमावीत असं म्हटलं, की पहिलं नाव आशाताईंचं येतं. आमचा त्याला विरोध आहे. त्यांच्याकडे आधीच कामांचा ढीग आहे. वेगळं मानधन न देता हे काम त्यांच्यावर टाकणं म्हणजे एका थकलेल्या बाईचं ओझं दुसऱ्या थकलेल्या बाईला देणं. वेगळं पद आणि वेगळा पैसा लागेल, आणि तो महापालिका व जिल्हा परिषदांच्या अंदाजपत्रकात दिसायला हवा. तोवर रुग्णालयांना बिनखर्चाची एक गोष्ट करता येईल : घरी सोडण्याच्या दिवशी कूस बदलणं, नळीतून भरवणं, कॅथेटर सांभाळणं हे एकीला न शिकवता घरातल्या दोघांना शिकवावं आणि दोघांची नावं डिस्चार्ज कार्डावर लिहावीत. त्यातलं एक नाव पुरुषाचं असावं, असा आग्रह वॉर्डातल्या सिस्टरनं धरला तर घरातून थोडी कुरकुर होईल. होऊ द्यावी.