पहिला नंबर कोणी लावला?



वाशीमच्या एस.टी. स्टँडवर, कारंज्याच्या चहाच्या टपरीवर किंवा रिसोडच्या कॉलेजसमोर पोट्ट्यांचा घोळका दिसला की समजावे, वाद एक तर क्रिकेटचा चालला आहे, नाही तर सिनेमाचा. ‘सैराट’ भारी की ‘धडक’? ‘अर्जुन रेड्डी’ अस्सल की ‘कबीर सिंग’? परदेशी सिनेमातला लोखंडी चिलखतवाला जास्त ताकदवान, की कोळ्यासारखा जाळ्यावरून उडणारा? तोच वाद रात्री मोबाइलवर पुढे चालतो. कोणी पहिल्या दहांची यादी लावतो, कोणी दहापैकी गुण देतो, कोणी कमाईचे कोटी टाकून समोरच्याचे तोंड बंद करतो.

पाणी, रेशन, मारहाण, रोजगार हमीची थकलेली मजुरी हे सारे सोडून आपण सिनेमाच्या यादीवर का बोलायचे, असे काही जणी विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण कोणता सिनेमा ‘मोठा’ ठरतो, त्यावर पुढचा कोणता सिनेमा निघणार हे ठरते. त्यातला नायक आपल्या पोराच्या डोक्यात बसतो आणि त्यातली नायिका पाहून बाप पोरीचा मोबाइल काढून घेतो. यादी पडद्याची असली तरी तिचा हिशेब घरात होतो.

मग ही यादी करतो कोण? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बाया देशात शंभरात ३३ होत्या, पुरुष ५७. २०२४च्या वेळेच्या वापराच्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज २८९ मिनिटे जातात असे दिसले. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटांचा. तेवढ्या वेळात अख्खा ‘सैराट’ बघून वर यादीही लिहून होते. पोट्टे हुशार म्हणून यादी करतात आणि बायांना त्यातले कळत नाही, अशी काही गोष्ट नाही. एकाला वेळ आहे, फोन आहे, रात्री बाहेर बसायची मुभा आहे. दुसरीला यातले काहीच नाही.

बायांनी आपला कौल कधी दिलाच नाही, असेही नाही. १९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला. तो मूळचा ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी सिनेमाचा मराठी अवतार. जन्मताच अपशकुनी ठरलेली, बापाने झिडकारलेली आणि सासरी छळली गेलेली लेक अलका कुबल यांनी उभी केली. तिच्यासाठी खेड्यापाड्यांतल्या बाया टॉकीजपर्यंत आल्या आणि पदर डोळ्यांना लावून परत गेल्या. शहाण्या लोकांनी त्याला ‘रडका’, ‘बायकी’ म्हणून मोडीत काढले. आजही मराठी सिनेमाच्या थोर यादीत त्याचा उल्लेख झालाच, तर हसण्यासाठी होतो.

सोसणारी बाई तेवढी चांगली, हा त्या सिनेमाचा धडा आपल्याला मान्य नाही आणि होणारही नाही. पण त्या बाया का रडल्या, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नवऱ्याने व सासरच्यांनी केलेल्या छळाबद्दलचे कलम ४९८-अ १९८३ साली आले. (आता तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येतो.) कायदा होऊन आठ वर्षे झाली होती, पण कितीतरी खेड्यांत बाईच्या दु:खाबद्दल चारचौघांत बोलणारी पहिली गोष्ट पोचली ती त्या सिनेमाचीच. जे घरात रडता येत नव्हते, ते अंधारात शेजारणीचा हात धरून रडता आले. सिनेमावर टीका जरूर करू. त्या बायांना हसणाऱ्यांच्या रांगेत मात्र बसणार नाही.

आता ‘सैराट’ आणि ‘धडक’. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. रिंकू राजगुरूची आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते आणि पारधी समाजातल्या परश्याला स्वत: निवडते. पाटलाच्या लेकीने हा अधिकार घेतला, म्हणून शेवटी माहेरच्या भेटवस्तू घेऊन भाऊ येतो आणि दोघांचाही खून होतो. मागे उरते ते रक्तात पावले उमटवणारे लेकरू. या सिनेमाने मराठीतले कमाईचे सगळे विक्रम मोडले. कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली अशा भाषांत त्याच्या नकला झाल्या आणि २०१८ साली हिंदीत ‘धडक’ आला.

‘धडक’मध्ये गोष्ट उदयपूरला गेली, घरे देखणी झाली आणि जात पुसट झाली. शेवटी नवरा आणि लेकरू मारले जाते, मुलगी जिवंत राहते. गाणी कोणाची चांगली, नायिका कोणाची गोड, कमाई किती, यावर वाद रंगले. पण जात काढून घेतली की त्या खुनाचे कारणच निघून जाते, हा मुद्दा गुणांच्या तक्त्यात बसत नाही. मग उरते फक्त रागीट बापाची आणि भावाची गोष्ट. राग शांत होऊ शकतो. जातीची इज्जत बाईच्या देहात ठेवणारी व्यवस्था आपोआप शांत होत नाही.

‘धडक’ यायच्या काही महिने आधी, मार्च २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात निकाल दिला. दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवले तर त्याला कुटुंबाची, जातीची किंवा पंचायतीची परवानगी लागत नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावा, सुरक्षित निवारा असावा, असेही सांगितले. आपल्यापैकी किती जणींना हे ठाऊक आहे? आर्चीवरची गाणी गावोगाव पोचली. आर्चीला वाचवू शकणारा निकाल पोचला का?

‘कबीर सिंग’ची गोष्ट वेगळी. २०१७चा तेलुगू ‘अर्जुन रेड्डी’ आणि २०१९चा हिंदी ‘कबीर सिंग’ एकाच दिग्दर्शकाचे. नायक कॉलेजात येतो, एका मुलीवर हक्क सांगतो, तिला न विचारता तिचा मुका घेतो. ‘अस्सल कोण, नक्कल कोण’ यावर पोरांची रात्र सरते. त्या मुलीची इच्छा कोणी विचारली का, हे ज्या बायांनी जाहीरपणे विचारले, त्यांच्यावरच टोळक्याने तुटून पडणे झाले. कॉलेजच्या रस्त्यावर रोज पाठलाग सोसणाऱ्या मुलीला हा वाद करमणुकीचा वाटत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत २०१९ साली ‘कॅप्टन मार्व्हल’ हा बाई नायक असलेला अचाट शक्तीचा सिनेमा यायचा होता. तो कोणी पाहिलेलाही नसताना त्याला खाली ओढायची मोहीम चालली. अखेर गुण देणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने प्रदर्शनाआधी मते नोंदवायची सोयच काढून टाकली. सिनेमा लागला आणि भरपूर चालला. आणि २०२५ साली केरळात ‘लोका’ने लोककथेतल्या यक्षीला, ज्या बाईला भ्यायला शिकवले जाते तिलाच, नायक केले. प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. तेव्हा ‘बायांचा सिनेमा चालत नाही’ ही ओरड जुनी झाली आहे.

आपल्याकडेही जून २०२३ अखेर ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा बाया गटागटाने, नटूनथटून टॉकीजला गेल्या. सहा बहिणींच्या त्या गोष्टीने ‘सैराट’नंतरच्या मराठी यशांत वरची जागा घेतली. त्यातली मंगळागौर आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या बायांची नाही. आपल्याकडे भुलाबाई आहे, मानोऱ्याकडच्या तांड्यांवर तीज आहे, आणि त्या बाया अजून पडद्यावर यायच्या आहेत. तरीही नवरा-मुलांशिवाय, आपल्या पैशाने, मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाणे ही साधी गोष्ट नाही. कितीतरी जणींनी ती त्या पावसाळ्यात पहिल्यांदा केली.

म्हणून एक सुचवायचे आहे. बचत गटाच्या बैठकीत, शिबिरात, किशोरींच्या गटात एक सिनेमा मिळून पाहू या आणि आपले गुण आपण देऊ. १९८५ साली ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन चित्रकर्तीने आपल्या चित्रमालिकेत साधी कसोटी मांडली होती: सिनेमात दोन बाया आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का? तीत आपले प्रश्न घालू. तिला कोणी विचारले का? जात दिसते की लपवली आहे? घरातले काम कोण करते? तिच्या हाताला कमाई आहे का? शेवटी शिक्षा कोणाला होते, आणि कशाबद्दल?

या कसोटीवर १९३७चा ‘कुंकू’ लावून पाहा. म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी नीरा शांता आपटे यांनी तेव्हा उभी केली होती. १९८२चा ‘उंबरठा’ लावून पाहा. त्यातली स्मिता पाटील यांची सुलभा कामासाठी घर सोडते. मग आजच्या सिनेमाचा नंबर पोरींना लावू द्या. त्यांचे आपले पटणार नाही, वाद होतील. होऊ द्या. ज्या पोरीला सिनेमाबद्दल चारचौघांत ‘मला नाही पटले’ म्हणता येते, तिला उद्या दाखवायच्या कार्यक्रमातही ते म्हणायचे बळ येते.

आणि ‘सैराट’ पाहून झाला की तेवढ्यावर उठू नका. वाशीमला पोलीस अधीक्षक कार्यालयात जाऊन विचारू या, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला तो विशेष कक्ष कुठे आहे, तिथे फोन कोण उचलते, निवारा कुठे आहे. जे उत्तर मिळेल ते आणि आपापल्या गटाची यादी आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात दोन्ही छापू.