देणगीदाराचा संशय आणि चालकांचा मान

विद्यापीठाच्या नावाने देणग्या स्वीकारणारी, पण कायद्याच्या दृष्टीने विद्यापीठाहून वेगळी असणारी संस्था, म्हणजे ज्याला सामान्यतः निधी-प्रतिष्ठान म्हटले जाते, तिच्या कारभाराविषयी देणगीदाराने शंका काढली की चालकांकडून बहुधा एकच उत्तर मिळते: दान श्रद्धेने द्यावयाचे असते, दिलेल्या पैशाचा हिशेब मागणे दात्याला शोभत नाही, आणि ज्यांनी उभे आयुष्य संस्थेसाठी वेचले त्यांच्यावर अविश्वास दाखवणे हा कृतघ्नपणा होय. हा पूर्वपक्ष सात्त्विक भासतो, आणि सात्त्विक भासतो म्हणूनच तो तपासून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. महाराष्ट्रातील दानाचा लेखी इतिहास मात्र त्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, शिलालेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने 3,000 कार्षापण दिले, परंतु ही रक्कम त्याने संघाच्या हाती न सोपवता गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवली: 2,000 कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि 1,000 कार्षापण शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधीही परत करावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, अशी अट असलेल्या या ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. मोठ्या ठेवीचे वर्षाचे व्याज 240 कार्षापण होते आणि ते वीस भिक्षूंच्या चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा याप्रमाणे नेमून दिलेले होते, म्हणजे एक नाणेही अनिश्चित राहिले नाही. शिवाय हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरातील व्यापाऱ्यांच्या सभेत, जाहीर करून नोंदवण्यात आला. उषवदाताची संघावर श्रद्धा नव्हती असे कोणी म्हणणार नाही. तरीही पैसा राखणारा हात आणि पैसा खर्चणारा हात त्याने वेगळे ठेवले, आणि अटी दगडात कोरून घेतल्या.

हा फार जुना दाखला आहे, असे म्हणून तो बाजूला सारणाऱ्यांसाठी विसाव्या शतकातील उदाहरण अधिक बोचरे आहे. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 मध्ये 15 लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. पै-पैचा हिशेब ठेवण्याबद्दल कर्व्यांची ख्याती होती. सचोटीच्या बाबतीत त्यांच्याहून वरचढ चालक दाखवणे अवघड आहे. तरीही ठाकरसींनी मुद्दल एकदम स्वाधीन केले नाही. साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने येणारे वार्षिक 52,500 रुपये द्यावयाचे ठरले आणि त्यासोबत अटी घातल्या. ठाकरसींच्या निधनानंतर या अटींच्या पूर्ततेवरून मतभेद झाले, वार्षिक रक्कम काही काळ अडली आणि अखेर तडजोड झाली. या प्रकरणात विद्यापीठाला त्रास झाला हे खरे. परंतु अटी घालण्याने कर्व्यांचा अपमान झाला, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. दात्याची अट आजच्या चालकापुरती नसते, तो गेल्यावर त्याच्या खुर्चीवर बसणाऱ्या अनोळखी माणसासाठी ती असते.

चालक थोर असला की पुरे, ही समजूत किती ठिसूळ आहे हे फर्दापूरहून अजिंठ्याच्या दरीत शिरणाऱ्या अभ्यासकाला वेगळ्या रीतीने दिसते. सोळाव्या लेण्याचा दाता वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव होता. सव्विसाव्या लेण्याच्या लेखात दाता भिक्षू बुद्धभद्र अश्मकाच्या मंत्र्याशी असलेल्या आपल्या मैत्रीचा उल्लेख करतो. दानाचा हा ओघ सत्तेच्या आणि स्नेहाच्या आधारावर वाहत होता. कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांच्या मते हरिषेणाच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत तो आटला. त्यांचा कालक्रम सर्वांना मान्य नाही, परंतु चोविसावे लेणे अर्धवट राहिले आहे, याविषयी वाद नाही. आजची अनेक प्रतिष्ठाने एखाद्या कुलगुरूच्या किंवा अध्यक्षाच्या वलयावर चालतात, तेव्हा त्यांची रचना नाशिकच्या अक्षयनीवीपेक्षा अजिंठ्याच्या या आश्रयाशी अधिक मिळतीजुळती असते.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र दखल घेण्याजोगा आहे: देणगीदाराला अधिकार दिले तर तो अभ्यासक्रम ठरवील, नेमणुकांत हात घालील आणि विद्यापीठ धनिकांच्या दारी बांधले जाईल. ही भीती निराधार नाही, पण ती वेगळ्या गोष्टीविषयी आहे. पैसा सांगितलेल्या कामी गेला की नाही हे विचारणे आणि ते काम कसे करावे हे सांगणे, यांत फरक आहे. पहिला अधिकार नाकारण्यासाठी दुसऱ्याचे भय दाखवणे ही केवळ पळवाट होय. उषवदाताने चीवरांसाठी किती नाणी हे ठरवले, भिक्षूंनी कोणते सूत्र पठण करावे हे नव्हे.

प्रश्न आजच्या कायद्याचा आहे आणि तेथे देणगीदार आश्चर्यकारकरीत्या दुबळा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 मध्ये धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागण्यासाठी ‘हितसंबंधी व्यक्ती’ अशी संकल्पना आहे. तिच्या व्याख्येत मंदिराचा उपासक, मठाचा शिष्य, नोंदणीकृत संस्थेचा सभासद, अन्य विश्वस्तव्यवस्थेचा लाभार्थी असे वर्ग नावाने येतात, देणगीदार मात्र येत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 हा शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या बिगरसरकारी संस्थांना लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही महाविद्यालयाच्या प्रकरणात 2019 मध्ये स्पष्ट केले. परंतु निव्वळ देणग्यांवर उभे असलेले प्रतिष्ठान त्या कसोटीबाहेर राहू शकते. एकीकडे उच्च शिक्षणसंस्था तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या आर्थिक योगदानाला गुण असल्यामुळे मागणाऱ्यांची संख्या वाढते, आणि दुसरीकडे देणाऱ्याच्या हाती 80-जी ची पावती एवढाच पुरावा उरतो. ती पावती आयकराची सवलत मिळवून देते, खर्चाचा मार्ग सांगत नाही.

म्हणून देणगीपत्रातच तीन कलमे असावीत: मुद्दल प्रतिष्ठानाच्या चालकांहून स्वतंत्र अशा विश्वस्ताकडे किंवा बँकेकडे राहील, प्रत्येक निधीचा स्वतंत्र लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी जाहीर होईल, आणि उद्देश पाळला गेला नाही तर व्याज थांबवून ते त्याच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे वळवता येईल. अशा कलमांवर सही करण्यास जो चालक कचरतो, त्याने देणगीदाराच्या कृतघ्नपणाची तक्रार करण्यापूर्वी आपण कर्व्यांहून अधिक विश्वासार्ह कसे, याचे उत्तर द्यावे.